स्टेशनाचं नाव आणि आक्काची सही

माझ्या घरापासून रेल्वे स्टेशन चालत सात मिनिटांवर आहे. स्टेशनावरच्या पिवळ्या पाटीवर नाव मात्र सहा किलोमीटर पलीकडच्या एका खेड्याचं आहे. त्या खेड्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या नावापायी माझी जेवढी शोभा व्हायची तेवढी झाली आहे, आणखी करून घेण्याची हौस उरलेली नाही.

रूळ पडले तेव्हा म्हणे इथे नुसता माळ होता. आसपास नाव घेण्यासारखं ते एकच गाव होतं, म्हणून स्टेशनाला त्याचं नाव मिळालं. पुढे स्टेशनाभोवती धान्याच्या आडती आल्या, साखर कारखान्याच्या कामगारांची घरं आली, दवाखाने आले, क्लासेस आले, आणि बघता बघता शहर झालं. खेडं होतं तिथेच राहिलं. माझी थोरली बहीण त्याच खेड्यात दिलेली. लहानपणी मी शाळेत ऐटीत सांगायचो, की रेल्वेने आमच्या आक्काच्या गावाचं नाव स्टेशनाला दिलंय. त्या वयात मला अक्कल जास्त होती असं आता वाटतं.

हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवून मी निवृत्त झालो. निवृत्त मास्तरापुढे दोनच वाटा असतात, पहाटे फिरायला जाणं किंवा समाजकार्य. माझे गुडघे दुखतात, म्हणून समाजकार्य. त्यातही उन्हात उभं राहणं, घोषणा देणं आपल्याला जमत नाही. आपलं हत्यार निवेदन. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ एवढं लिहिलं की माझ्या अंगात येतं. खड्डे, मोकाट कुत्री, बंद पडलेले दिवे, कोपरगावकडे जाणारी संध्याकाळची एसटी, असं एकही दुःख या शहरात नसेल ज्यावर मी निवेदन दिलेलं नाही. त्यातून आजवर एक खड्डा बुजला, आणि तोही शेजारच्या गटाराच्या कामातली माती टाकायला जागा हवी होती म्हणून.

स्टेशनाच्या नावाशी माझं वैयक्तिक वैरही होतं, ते सांगायला हवं. माझ्या सेवापूर्तीच्या कार्यक्रमाला आम्ही पुण्याहून एक प्रमुख पाहुणे बोलावले होते. त्यांना कळवलं होतं, ‘कार्यक्रम स्टेशनासमोरच्या मंगल कार्यालयात’. त्यांच्या ड्रायव्हरने मोबाईलमध्ये स्टेशनाचं नाव टाकलं आणि मोबाईलने त्यांना इमानदारीत सहा किलोमीटर पुढे त्या खेड्यात नेऊन सोडलं. इकडे आम्ही तुताऱ्या घेऊन उभे. तिकडे गावकऱ्यांनी गाडीतून उतरलेला कोट बघितला, कोण कुठला विचारायच्या आधी शाल आणि नारळ दिला, आणि आक्काने घरी नेऊन पिठलं-भाकरी वाढली. जेवण झाल्यावर त्यांना झोप आली. मला शाल आमच्या हेडक्लार्कच्या हस्ते मिळाली. पाहुण्यांनी नंतर फोन करून सांगितलं, की असा अगत्याचा समारंभ त्यांनी पाहिला नव्हता.

मध्यंतरी जिल्ह्याचं नाव बदललं, मागोमाग नगरच्या स्टेशनाचंही बदललं, आणि आमच्याकडे चहाच्या टपरीवर बसणाऱ्या सगळ्यांना एकदमच आठवलं की आपल्या स्टेशनाचं नावही परक्याचं आहे. औषधाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये बैठक झाली, कृती समिती झाली. शुद्धलेखन येणारा तिथे मी एकटाच असल्याने सचिव मीच झालो. शहराचंच नाव द्यावं हे पहिल्यांदा पुढे आलं. पण समितीतले एक निवृत्त रेल्वे कारकून म्हणाले, त्या नावाचं स्टेशन दुसरीकडे आधीच आहे, एकाच नावाची दोन स्टेशनं रेल्वे चालू देत नाही. खरं-खोटं कुणी तपासलं नाही. मग दोन देव, एक दिवंगत आमदार आणि एक हयात आमदार अशी नावं आली, आणि प्रत्येक नावावर निम्मी बैठक उठून चालली. तेव्हा मी अत्यंत निःस्वार्थीपणे उभा राहून म्हणालो, की वाद नको असेल तर जवळच्या रस्त्याचं नाव द्यावं. चिंचबन. कुणाची जात नाही, पक्ष नाही, पुतळा नाही.

चिंचबन रस्ता स्टेशनाच्या फाटकापासून निघतो. बन म्हणण्यासारखं आता तिथे काही नाही. एकच चिंच उरली आहे आणि तीही वीज कंपनीच्या कंपाउंडमध्ये. पण नावात गारवा आहे, असं मी दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. माझा बंगला चिंचबन रस्त्यावर आहे हे बोलायचं माझ्याकडून राहून गेलं. ते सगळ्यांना ठाऊक होतं हे मला पुढे कळलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, “अहो, मग सरळ आपल्या बंगल्याचंच नाव का नाही सुचवलंत? पाटीवर मावलं असतं.” तिला सार्वजनिक कामाची आवड पहिल्यापासून नाही.

सह्या जमवणं सोपं गेलं. आमच्याकडे सही मागणाऱ्याचं तोंड बघून सही करतात, कागद बघून नाही. मी ज्यांना शिकवलं त्यांनी तर ‘सर, कुठे करू?’ एवढंच विचारलं. वह्याच्या वह्या भरल्या. मग ते रेल्वे कारकून म्हणाले, “ज्या गावाचं नाव काढायचं त्या गावच्याही दोन-चार सह्या लावा. म्हणजे तिकडून विरोध नाही असं दिसेल.” बोलून झाल्यावर ते आणि बाकीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरवरून आक्काकडे गेलो. ती घरी नव्हती. तिची सून अंगणवाडीत निघाली होती, ती म्हणाली, “मामा, आई व्हॉल्ववर गेल्यात.” दाजी आता नाहीत, मुलगा कारखान्यात कामाला, आणि घरात बसून राहणं आक्काला जमत नाही. गावाच्या पाणी समितीत निम्म्या बायका लागतात म्हणून तिला आधी नुसतं नावाला घेतलं होतं. पुढे असं झालं की कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, कुठली लाईन कुठे गळते, हे तिच्याइतकं कुणालाच सांगता येईना, आणि तिला अध्यक्षच केलं. लिहिता-वाचता न येणारी अध्यक्ष. सगळं तिच्या डोक्यात असतं. टाकीच्या खाली व्हॉल्वच्या खड्ड्यापाशी, हातात तिच्या उंचीची लोखंडी चावी घेऊन, ती मला सापडली.

“आरं बापू, आज इकडं कुठं?”

“एका कागदावर सही पाहिजे होती.”

“थांब, वरच्या आळीला पानी सोडते आधी.”

तिने चावीला चार वेढे दिले, पाईपला कान लावून पाणी गेल्याचं ऐकलं, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, “कुठं करू?” मी बोट ठेवलं, तिने सही केली. कसला कागद, हे तिने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. सांगणार होतो, पण तिने इतक्या चटकन केली की प्रसंगच आला नाही, अशी मी पुढे कित्येक दिवस स्वतःची समजूत घातली. ती सही मीच तिला शिकवलेली. पहिलीतून तिचं नाव काढलं ते मला कडेवर घेऊन फिरायला. आई शेतावर जायची आणि मी रडका होतो. मी सातवीत असताना पाटीवर गिरवून घेऊन तिला तेवढी सही शिकवली, आणि मग मला इतिहासाचा अभ्यास होता. पुढची अक्षरं राहिली. जाताना तिने मला मेथीची जुडी दिली. चार सह्यांची आशा होती, पण दुसऱ्या कुणाकडे जायचा धीर झाला नाही. एकीवर भागवलं.

निवेदन देतानाचा फोटो पेपरात आला. एक कागद नऊ जणांनी धरला होता. दहावा मी, माझा कान आणि अर्धा चष्मा दिसत होता. बातमी मात्र अख्खी माझी होती, कारण पेपरला द्यायचा मजकूर मीच लिहून दिला होता. त्यात मी एक वाक्य घातलं होतं आणि ते मला फार आवडलं होतं: ‘विशेष म्हणजे, ज्या गावाचे नाव सध्या स्थानकास आहे, त्या गावाच्या पाणी समितीच्या अध्यक्षांनीही मोठ्या मनाने या मागणीस स्वाक्षरीद्वारे पाठिंबा दिला आहे.’ त्यातल्या ‘मोठ्या मनाने’ या दोन शब्दांसाठी मी आधीचा मसुदा फाडला होता. ते कात्रण मी काचेखाली ठेवलं.

चार दिवसांनी आक्काच्या सुनेचा फोन आला. ती एरवी बडबडी आहे, त्या दिवशी तोलून बोलत होती.

“मामा, काल ग्रामसभा झाली. पेपर घेऊन आले हुते लोक. सगळ्यांसमोर वाचला.”

“मग?”

“सगळे म्हनले, गावानं रुळाला जमिनी दिल्या, त्याच्या बदल्यात गावाला ही एक पाटी मिळाली. एसटी गेली, बाजार गेला, पाटी तेवढी हाय. आन् आपल्याच अध्यक्षबाई ती पुसायला सही देतात. आईंना उभं केलं. विचारलं, सही तुमचीच का? त्या म्हनल्या, व्हय. कुनी घेतली? तर म्हनल्या, म्या केली.”

काचेखालचं कात्रण मी वहीने झाकलं.

“तुमचं नाव घेतलं न्हाई त्यांनी. मी घेनार हुते, त्यांनी माझा हात दाबला. आता काहीजन म्हनतात, न वाचता सही करनारी अध्यक्ष नको, उद्या पान्याच्या कामाचे कागद अशेच कुनीही सही घेऊन नेईल. म्होरल्या ग्रामसभेत ठराव घेनार हायेत. आई कालपास्नं व्हॉल्ववर गेल्या न्हाईत.”

ती व्हॉल्ववर गेली नव्हती. दाजी गेल्यानंतर तिसऱ्या दिवशीसुद्धा ती गेली होती. पण लाज वाटली तरी माणूस आपल्या सवयीप्रमाणेच वागतो. मी टेबलाशी बसलो आणि निवेदन लिहिलं. आक्काच्या नावाने, सही मागे घेत असल्याचं, एक प्रत रेल्वेला, एक ग्रामपंचायतीला. भाषा उत्तम साधली होती: ‘सदर स्वाक्षरी माझ्याकडून अनवधानाने व गैरसमजातून झालेली असून ती ग्राह्य धरण्यात येऊ नये.’ दोनदा वाचलं, आवडलं. छापून घेतलं आणि स्कूटर काढली.

आक्का ओट्यावर लसूण सोलत बसली होती. चावी भिंतीला टेकून उभी होती. तिने ‘ये’ म्हटलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला. चिडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर तयार ठेवता आलं असतं. मी कागद पुढे केला.

“आक्का, काळजी करू नको. हा कागद दिला की सगळं मिटतंय. इथे सही कर.”

ती लसूण सोलत राहिली.

“काय लिवलंय त्यात?”

साठी उलटलेल्या आयुष्यात तिने मला हे पहिल्यांदा विचारलं. मी म्हणालो, “हेच की सही परत घेतेस म्हणून. इथे फक्त—”

“वाच की.”

मी वाचलं. तीस वर्षं वर्गात मोठ्याने वाचायची सवय, तरी ‘अनवधानाने’वर अडखळलो. तिने त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी म्हणालो, लक्ष नसताना. तिने मान हलवली.

“माजं ध्यान हुतं, बापू. तू आलता म्हनून केली. जमिनीच्या कागदाला बी तू आलता म्हनूनच केली हुती.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच मला सोसलं नाही. बाबा गेल्यावर हक्कसोडीच्या कागदावर सही घ्यायला मी तिला तहसीलच्या ऑफिसात घेऊन गेलो होतो. तेव्हाही मी बोट ठेवून ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणालो होतो, आणि येताना तिला रसवंतीवर उसाचा रस पाजला होता. आमच्याकडे बहिणी सोडतातच, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होतो. त्याच जमिनीचा तुकडा विकून चिंचबन रस्त्यावरचा प्लॉट घेतला. इतक्या वर्षांत तो कागद मी तिला कधी वाचून दाखवला नव्हता, आणि ते माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं. मराठीच्या मास्तराला अनवधान या शब्दाचा खरा उपयोग त्या दिवशी ओट्यावर कळला. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

“आक्का, चुकलो मी,” मी म्हणालो. नुसतंच म्हणालो. एवढं साधं वाक्य मी गेल्या कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं.

“कागद ठिवून जा,” ती म्हणाली. “सूनबाई वाचून दावंल सावकाश. मग बघते.”

मी कागद ठेवला, चहा घेतला. या वेळी मेथी मिळाली नाही.

समितीचा राजीनामा मी त्याच संध्याकाळी दिला. लोकांनी फार आग्रह केला नाही. नवा सचिव मिळाला, त्याचा मोबाईल मराठी आपोआप लिहितो. निवेदनाला रेल्वेकडून अजून उत्तर आलेलं नाही. स्टेशनाचं नाव बदलावं की नाही, यावर मला आता विचाराल तर पाहुणे चुकतात हे खरं आहे. आमच्या रस्त्याचं नाव गोड आहे हेही खरं. पण एका गावाकडे एवढं एकच उरलेलं असताना ते काढून मी माझ्या फाटकाजवळ लावायला निघालो होतो, याला मी प्रवाशांची सोय म्हणत होतो, आणि असं म्हणण्यासाठी माणूस चांगलाच शिकलेला लागतो.

ग्रामसभेच्या दिवशी मी न बोलावता गेलो. मारुतीच्या देवळापुढे शेड आहे, तिथे सतरंज्या टाकल्या होत्या. मी मागे, चपलांच्या ढिगाजवळ बसलो. गावाने मला पाहिलं. ‘मामा आलेत’ एवढीच कुजबुज झाली, कुणी हाकललं नाही. आक्का पुढे बायकांत बसली होती, डोक्यावर पदर, पाठ ताठ. ठरावाचा विषय आला तेव्हा तिच्या सुनेने उठून ग्रामसेवकाकडे एक कागद दिला. ग्रामसेवक तरुण होता, नुकताच बदलून आलेला, कुणाचं नातं कुणाशी हे त्याला माहीत नव्हतं. तो मोठ्याने वाचायला लागला.

कागद माझाच होता. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ माझंच होतं. पण ‘अनवधानाने व गैरसमजातून’ हे शब्द त्याने वगळले; सभेनंतर मी कागद पाहिला तेव्हा त्यांवर निळ्या पेनाने काट मारली होती आणि खाली सुनेच्या अक्षरात मजकूर होता. ग्रामसेवकाने तो जरा थांबून, अक्षर लावत वाचला: “ती सही माझ्या भावाने सांगितली म्हणून मी केली. त्यात काय लिहिलं आहे ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांची चूक आहे. हा कागद मी दोन वेळा वाचून घेतला आहे आणि मग सही केली आहे. इथून पुढे मी ऐकल्याशिवाय कुठेही सही करणार नाही, भावाच्या कागदावरसुद्धा.”

मजकुराखाली तिची सही होती, मी गिरवून घेतलेली, शेवटच्या अक्षराला जरा लांब शेपूट असलेली. ग्रामसेवकाने कागदावरून डोळे वर करून भाबडेपणाने विचारलं, “हे भाऊ कोण?”

सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. इतका मान मला माझ्या सेवापूर्तीतही कुणी दिला नव्हता आणि तो घेऊन गप्प बसणं मला शक्य होतं. आक्कानेही मागे पाहिलं नाही. मी गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिलो. भाषणाची सवय असल्यामुळे तोंडात ‘सन्माननीय ग्रामस्थ’ आलंच होतं, ते गिळलं.

“मी,” मी म्हणालो. “तिला न सांगता सही घेतली. तिला काढू नका.”

बसावं की उभं राहावं ते कळेना. पुढच्या रांगेतला एक म्हातारा ग्रामसेवकाला म्हणाला, “आता ठराव कशाचा घेता? लिवा, अध्यक्ष हाय तीच हाय.” दोन-चार माना हलल्या. तेवढ्यात आक्का वळली. तिने मला पाहिलं, लहानपणी चिखलात उभा असताना पाहायची तशी, आणि शेवटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“बस खाली, बापू. गुडगं दुकत्यात तुजं.” मग ग्रामसेवकाकडे पाहून, “म्होरला इषय घ्या. खालच्या आळीची लाईन गळती हाय, आन् काय ठराव लिवाल तो आदी मला वाचून दावा.”